भूत, घर आणि गाऱ्हाणे : चिनी भूतकथा आणि हाँगकाँगचा चित्रपट

१

‘हॉरर फिल्म’ या संज्ञेसाठी मराठीत ‘भयपट’ हा शब्द आता रूढ झाला आहे. शब्द सोयीचा आहे. परंतु सोयीच्या संज्ञा पुष्कळदा प्रश्नाचे उत्तर आधीच गृहीत धरून चालतात. ज्या चित्रपटात भूत आहे त्याचे प्रयोजन भय निर्माण करणे हेच असणार, असे ही संज्ञा सुचविते. चिनी भूतकथांच्या परंपरेतून निघालेल्या, आणि प्रामुख्याने हाँगकाँगमध्ये तयार झालेल्या चित्रपटांकडे वळताच या गृहीतकाची अडचण जाणवू लागते. या चित्रपटांत रक्त शोषणारी पिशाच्चे आहेत, चालती प्रेते आहेत, दचकविणारे प्रसंगही आहेत. तरीही त्यांतल्या श्रेष्ठ कृती पाहून झाल्यावर मनात उरते ती एक निराळीच जाणीव: एका मृत स्त्रीला जायला जागा नाही. प्रस्तुत लेखात या जाणिवेचा उगम शोधण्याचा आणि तिच्या आधारे ‘भयपट’ या कोटीचा फेरविचार करण्याचा प्रयत्न आहे.

पाश्चात्त्य विचारात अतिमानुषाच्या मीमांसेचे दोन मार्ग प्रतिष्ठा पावले आहेत. तोदोरोव्हने १९७० च्या आपल्या ग्रंथात या प्रकाराचे मर्म वाचकाच्या दोलायमानतेत पाहिले. घडते आहे ते निसर्गनियमांत बसणारे की त्यांपलीकडचे, याचा निर्णय लागत नाही तोवरच हा प्रकार टिकतो. फ्रॉइडने १९१९ च्या निबंधात परिचिताचेच अपरिचित होऊन परतणे हे अस्वस्थतेचे मूळ मानले. रॉबिन वुडसारख्या समीक्षकांनी त्यातून ‘दमिताचे पुनरागमन’ हे सूत्र घडवून ते अमेरिकन चित्रपटांना लावले. या दोन्ही भूमिकांत भूत हा अखेर जिवंत माणसाच्या मनाचा प्रश्न ठरतो. एकीकडे त्याच्या ज्ञानाचा, दुसरीकडे त्याच्या अबोध मनाचा. भुताचा स्वतःचा काही प्रश्न असू शकेल, ही शक्यता त्यांत विचाराला येत नाही.

चिनी परंपरेत मात्र हीच शक्यता मध्यवर्ती आहे. भुतासाठी असलेल्या ‘ग्वेइ’ या शब्दाचा अर्थ प्राचीन कोशपरंपरेने ‘परतणे’ या सारख्याच उच्चाराच्या शब्दाने उलगडला आहे. मरणे म्हणजे मूळ ठिकाणी परतणे. आपला ‘भूत’ हा शब्द ‘जे होऊन गेले’ त्याकडे बोट दाखवितो, तर चिनी शब्द ज्याने कुठे तरी पोचायला हवे होते त्याकडे. जे पोचले ते पूर्वज. ज्यांची वाट अर्ध्यावर तुटली ते उपद्रवी, उपाशी. तैवानमधील क्षेत्राभ्यासावर आधारित आपल्या १९७४ च्या निबंधात आर्थर वुल्फ या मानववंशशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, तिथल्या लोकधर्मात देव हे अधिकाऱ्यांसारखे, पूर्वज हे आप्तांसारखे आणि भुते ही परक्यांसारखी कल्पिलेली असतात; म्हणून एकाचा पूर्वज तो दुसऱ्याचे भूत ठरू शकतो. ‘भूत’ ही अशा रीतीने मृताची जात नसून त्याचे जिवंतांशी असलेले, किंवा नसलेले, नाते आहे.

या नातेव्यवस्थेत सर्वांत बिकट अवस्था अविवाहित मुलीची. पितृप्रधान कुळात मुलगी ही परक्या घरचे धन. माहेरच्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यात तिच्या नावाची पाटी बसत नाही, आणि लग्नापूर्वीच मेली तर सासर असे तिला नसतेच. मृत मुलीचे लग्न लावण्याची प्रथा याच पेचातून आली. चिनी भूतकथांत तरुण स्त्रियांचीच भुते इतकी का, या प्रश्नाचे उत्तर पुरुषी कामनेत शोधले जाते, आणि ते चुकीचे नाही. पण त्या कामनेला जे पात्र सापडते ते मुळात या सामाजिक व्यवस्थेने घराबाहेर ठेवलेले असते.

२

या परंपरेची सर्वांत समृद्ध संहिता म्हणजे पू सोंगलिंग याचा ‘ल्याओझाई झीयी’ हा जवळजवळ पाचशे कथांचा संग्रह. शानतुंग प्रांतातला हा पंडित १६४० मध्ये जन्मला आणि १७१५ मध्ये वारला. प्रांतिक परीक्षेत तो वारंवार अपयशी ठरला. त्याचा संग्रह हस्तलिखितांतून फिरत राहिला आणि मृत्यूनंतर अर्धशतकाने, १७६६ मध्ये, छापला गेला. पुष्कळ कथांच्या शेवटी तो ‘विलक्षणाचा इतिहासकार’ या नात्याने अभिप्राय देतो. म्हणजे दरबारी इतिहासलेखनाचा संकेत तो इतिहासात न बसणाऱ्यांसाठी वापरतो. तोदोरोव्हची व्याख्या या कथांना कशी अपुरी पडते याची चर्चा ज्युडिथ झाइटलिन यांच्या १९९३ च्या ग्रंथात आली आहे. लू शुनने तर १९२० च्या दशकातच आपल्या कथासाहित्याच्या इतिहासात नोंदविले होते की, या कथांतले कोल्हे आणि पऱ्या इतके माणसासारखे वागतात की ते अन्य योनीतले आहेत याचा वाचकाला विसर पडतो.

चित्रपटांना पुनःपुन्हा खुणावणारी कथा आहे ‘न्ये श्याओच्येन’. निंग त्साइचेन हा सचोटीचा तरुण प्रवासात एका ओसाड मठात उतरतो. रात्री एक सुंदर मुलगी येते. तो तिला हाकलतो. ती सोने टाकून जाते. तो ते बाहेर फेकतो. मग ती खरे सांगते: अठराव्या वर्षी मेलेली ती मुलगी मठाशेजारी पुरलेली असून एका पिशाच्चाच्या ताब्यात आहे. प्रवाशांना मोहात पाडून त्यांचे रक्त त्याला पुरविणे हे तिच्यावर लादलेले काम आहे. निंग तिच्या अस्थी उकरून घरी आणतो आणि आपल्या अभ्यासिकेबाहेर पुरतो.

इथवरचा भाग भयाचा आहे. कथेचे खरे सामर्थ्य मात्र यानंतरच्या, चित्रपटांनी गाळलेल्या भागात आहे. श्याओच्येन त्याच्या मागोमाग घरी येते. आई घाबरते, आजारी सुनेला तिची दृष्टी पडू देत नाही. मुलगी स्वयंपाकघरात जाते आणि कामाला लागते. संध्याकाळ झाली की तिला बाहेर जावेसे वाटत नाही. लहानपणी पाठ केलेले एक बौद्ध सूत्र आता निम्मेअधिक विसरले, ते वाचायला द्या, असे ती म्हणते. प्रथम ती काहीच खातपीत नाही. सहा महिन्यांनी पेज घेऊ लागते. आई आणि मुलगा तिच्यापुढे ‘भूत’ हा शब्द उच्चारायचे टाळतात. यथावकाश निंगची पत्नी मरण पावते, श्याओच्येन त्या घरची सून होते, तिला मुलगा होतो.

सहा महिन्यांनी घेतलेली ती पेज हा या कथेचा कळसबिंदू आहे. भुताचे माणूस होणे इथे मंत्राने घडत नाही. घरातल्या अन्नाने, कामाने आणि एका शब्दाच्या टाळण्याने घडते. एरवी भुतांना वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, दाराबाहेर अन्न मिळते. हिला ते चुलीशी मिळाले.

मराठी वाचकाला या संहितेत आणखी एक ओळख भेटते. तिला राबविणारे पिशाच्च ‘येछा’ म्हणजे आपला यक्ष, निंगने फेकलेले सोने प्रत्यक्षात ‘लुओछा’चे, म्हणजे राक्षसाचे, हाड होते, आणि ज्या मठात हे घडते त्यासाठी वापरलेला ‘लानरुओ’ हा शब्द ‘अरण्य’ या संस्कृत शब्दाच्या चिनी रूपाचा संक्षेप आहे. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांबरोबर गेलेले हे शब्द तिथे इतके रुळले की त्यांचे परकेपण उरले नाही. कालिदासाचा यक्ष विरही आहे, इथला कुंटणखान्याच्या मालकासारखा आहे, एवढा पालट मात्र लक्षात ठेवावा लागतो.

३

या कथेवर हाँगकाँगमध्ये १९६० मध्ये ली हानश्यांगने चित्रपट केला. पण तिचे नाव जगभर झाले ते १९८७ च्या ‘अ चायनीज घोस्ट स्टोरी’मुळे. दिग्दर्शक चिंग स्यू-तुंग, निर्माता त्सुई हार्क. निंगच्या भूमिकेत लेस्ली च्युंग, श्याओच्येन जोई वाँग. झाडाच्या रूपातले, कधी पुरुषाच्या तर कधी स्त्रीच्या आवाजात बोलणारे पिशाच्च, त्याची मैलभर लांब वाटणारी जीभ, हवेत तरंगणारी रेशमी वस्त्रे, तलवारबाजी, विनोद आणि गाणी यांच्या मिश्रणाने चित्रपटाचा वेग क्षणभरही मंदावत नाही. पण या वेगाखाली केलेला एक बदल मूलभूत आहे. या चित्रपटात घर नाही.

मूळ कथेतल्या निंगला आई आहे, पत्नी आहे, अभ्यासिका आहे. चित्रपटातला निंग हा थकबाकी वसूल करीत हिंडणारा कारकून आहे. पावसाने त्याच्या वहीतली शाई धुऊन निघते, त्याला पैसे मिळत नाहीत, आणि राहायला जागा नाही म्हणून तो ‘लानरुओ’ मठात जातो; कथेतले सामान्यनाम चित्रपटात विशेषनाम झाले आहे. तिथला तलवारबहाद्दर येन चीश्या जगाला विटून भुतांच्या शेजारी राहायला आलेला आहे. म्हणजे जिवंत माणसेही निराश्रित, आणि मृत मुलगीही. तिला पेज देईल असे स्वयंपाकघर कुठेच नाही.

म्हणून शेवट बदलतो. पाताळातून तिला सोडवून आणल्यावर पहाट होते. उजेड तिला असह्य असल्याने निंग आत घुसणारा सूर्यप्रकाश अंगाने अडवून धरतो, आणि त्यामुळेच वळून तिचे शेवटचे दर्शन घेणे त्याला शक्य होत नाही. तो वळतो तेव्हा ती अस्थिकलशात विरून गेलेली असते. तिचे रक्षण करण्याची कृती आणि तिला पाहण्याची इच्छा या एकमेकींच्या आड येतात. अस्थी पुरल्या जातात, पुनर्जन्माची आशा व्यक्त होते. परंतु ही भेट पुन्हा नाही. १९९० च्या उत्तरभागात निंगला हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक जिवंत मुलगी भेटते, आणि जोई वाँगनेच साकारलेली ती व्यक्ती श्याओच्येन नव्हे, यातच त्या वियोगाची पूर्णता आहे.

या बदलाचे वर्णन करायला संस्कृत साहित्यशास्त्रातली एक भेदरेषा उपयोगी पडते. पुनर्भेटीची आशा असते तिथे विप्रलंभ शृंगार, ती नसते तिथे करुण. या दोहोंच्या मध्ये विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त करुणविप्रलंभ मानला आहे: प्रेमिकांपैकी एक परलोकी गेलेला असूनही त्याच देहाने पुनर्भेट संभवते. ‘कादंबरी’तील पुंडरीक आणि महाश्वेता हे त्याचे उदाहरण. पू सोंगलिंगची कथा नेमकी या मधल्या कोटीत बसते. चित्रपट तिला तिथून उचलून निखळ करुणात नेऊन ठेवतो. भयानक हा या प्रवासात अंगभूत रस आहे, अंगी नव्हे.

हा शेवट चित्रपटाने नव्याने शोधला असे मात्र म्हणता येत नाही. तो पू सोंगलिंगच्याच दुसऱ्या एका कथेत आहे. ‘गोंगसुन ज्यूनियांग’ या कथेच्या पार्श्वभूमीला मांचू राजवटीच्या प्रारंभी शानतुंगात यू छीच्या बंडानंतर झालेले सामूहिक शिरकाण आहे. इतकी माणसे मारली गेली की शवपेट्या पुरेनात. त्या बळींपैकी एका मुलीच्या भुताशी नायकाचे लग्न होते. आपल्या अस्थी त्याच्या कुळाच्या दफनभूमीत नेण्याची विनवणी ती करते, आणि नायक तिच्या थडग्याची खूण विचारायला विसरतो. परत येऊन पाहतो तो हजारो थडगी. अस्थी सापडत नाहीत. पुढे एकदा ती दिसते तेव्हा रागाने तोंड फिरविते. जिथे मरण एकेकट्याचे होते तिथे अस्थी उकरून घरी नेता आल्या. जिथे राज्यसत्तेने सरसकट मारले तिथे खूणच उरली नाही. १९८७ च्या चित्रपटाने श्याओच्येनच्या कथेला ज्यूनियांगचा शेवट दिला आहे, असे माझे मत आहे.

४

‘घर न मिळालेला मृत’ हे सूत्र केवळ प्रणयकथेपुरते आहे का, याची परीक्षा करायला १९८५ चा ‘मिस्टर व्हॅम्पायर’ हा रिकी लाऊ दिग्दर्शित विनोदी चित्रपट घेता येईल. छिंगकालीन अधिकाऱ्याच्या वेशातले, हात पुढे करून टुणटुण उड्या मारणारे प्रेत, कपाळावर चिकटविलेला पिवळा मंत्राचा कागद, श्वास रोखून धरला की त्याला माणूस दिसत नाही हा संकेत, चिकट तांदळाचा उतारा ही सारी सामग्री हसविण्यासाठी वापरलेली आहे. लोकसमजुतीप्रमाणे माणसात एक सूक्ष्म आणि एक जड असे आत्म्याचे दोन अंश असतात. सूक्ष्म निघून गेला आणि जड देहातच अडकला तर असे प्रेत उठते. श्याओच्येन हा देह हरवलेला आत्मा, तर हे आत्मा हरवलेले शरीर.

तरीही संकटाचे मूळ तेच. एका धनिकाने दडपण आणून भूमिशास्त्र्याकडून दफनाची शुभ जागा मिळविलेली असते. त्या शास्त्र्याने सूड म्हणून वडिलांना पुरण्याची रीत चुकीची सांगितलेली असते. वीस वर्षांनी थडगे उघडले जाते, प्रेत कुजलेले नसते, आणि ते उठून प्रथम आपल्याच मुलाचा बळी घेते. अन्यायाने मिळविलेली जागा मृताला घर होऊ शकत नाही. विनोदाच्या आवरणातही चित्रपट हा नियम मोडत नाही.

५

या सूत्राचे सर्वांत परिपक्व रूप स्टॅन्ली क्वानच्या ‘रूज’मध्ये दिसते. लिलियन लीच्या कादंबरीवर आधारित हा चित्रपट हाँगकाँगमध्ये १९८८ च्या प्रारंभी प्रदर्शित झाला. १९३४ मध्ये रूहुआ ही गणिका आणि एका श्रीमंत व्यापारी घराण्यातला तरुण अफू खाऊन एकत्र मरण्याचे ठरवितात. १९८७ मध्ये तिचे भूत एका वर्तमानपत्राच्या कचेरीत येते आणि त्याला शोधण्यासाठी छोटी जाहिरात देऊ पाहते. पाताळात तिने त्याची वाट पाहिली. तो आलाच नाही.

या प्रसंगात भयाचे किती थोडे शिल्लक राहिले आहे हे पाहण्यासारखे आहे. ज्यांच्या घरी ती उतरते ते पत्रकार जोडपे सुरुवातीला घाबरते आणि लवकरच तिच्या कामाला लागते. घाबरते ती रूहुआच. कारण तिच्या ओळखीचे शहर उरलेले नाही. शेक तोंग त्सुई या भागातले कलावंतिणींचे जग १९३५ च्या बंदीनंतर संपले. तिच्या कोठीच्या जागी आता बालवाडी आहे. श्याओच्येनला घर मिळत नव्हते, रूहुआला घराचा पत्ता सापडत नाही. शेवटी तिचा प्रियकर जिवंत सापडतो: अफूच्या व्यसनात बुडालेला, चित्रपटांत किरकोळ कामे करणारा म्हातारा. ती त्याची रूजची डबी त्याला परत देते आणि निघून जाते. दरम्यान हेही उघड झालेले असते की त्या रात्री तिने त्याला न सांगता त्याच्या मद्यात झोपेच्या गोळ्या घातल्या होत्या. गाऱ्हाणे घेऊन आलेले हे भूत स्वतःही निर्दोष नाही, हे दाखविण्याचे धैर्य या चित्रपटात आहे.

‘रूज’ आणि १९८७ चा भूतपट या दोहोंचा अन्वयार्थ १९९७ च्या हस्तांतरणाशी जोडला गेला आहे. १९८४ च्या घोषणापत्राने पन्नास वर्षे काही बदलणार नाही असे आश्वासन दिले, आणि इथे त्रेपन्न वर्षांनी परतलेल्या स्त्रीला सारेच बदललेले आढळते. हा प्रतिध्वनी नाकारता येणार नाही. अॅकबर अब्बास यांनी १९९७ च्या ग्रंथात ‘नाहीसे होणे’ या कल्पनेभोवती हाँगकाँगच्या संस्कृतीची मांडणी केली, तीही मौलिक आहे. परंतु भूत म्हणजे शहर, पिशाच्च म्हणजे सत्ता असे समीकरण बसविले की भूत पुन्हा एकदा दुसऱ्या कशाचे तरी चिन्ह होऊन जाते, आणि ते जे मागत असते ते ऐकू येईनासे होते. ज्यूनियांगची कथा वेगळा मार्ग सुचविते. ती मांचू आक्रमणाचे रूपक नाही. त्या हिंसेमुळे एका मुलीच्या अस्थी सापडेनाशा झाल्या, एवढेच ती सांगते. इतिहास इथे कथेचा गूढार्थ म्हणून येत नाही, कथेच्या शेवटातला अडथळा म्हणून येतो. हाँगकाँगच्या चित्रपटांतही तो तसाच वाचावा.

६

भुताचे हे गाऱ्हाणे किती खरे मानले गेले होते याचा पुरावा समीक्षेपेक्षा बंदीच्या इतिहासात अधिक स्पष्ट मिळतो. १९६१ मध्ये बीजिंगमध्ये मंग चाओचे ‘ली ह्वेइन्यांग’ हे नाटक कुनछू शैलीत रंगभूमीवर आले. सुंग काळातल्या ज्या सीदाओ या मंत्र्याने ठार केलेली त्याची रखेल भूत होऊन त्याच्याविरुद्ध उभी राहते, हा त्याचा विषय. ल्याओ मोशाने त्याच वर्षी भुते निरुपद्रवी असल्याचे सांगणारा लेख लिहून त्याचे समर्थन केले. १९६३ मध्ये भुतांच्या नाटकांवर बंदी आली, नाटक आणि लेख दोन्ही लक्ष्य झाले, आणि सांस्कृतिक क्रांतीत छळ सोसलेला मंग चाओ १९७६ मध्ये वारला. वरकरणी आक्षेप अंधश्रद्धेचा होता. पण भुतांवर विश्वास नसलेल्यांनाही ली ह्वेइन्यांगची भीती वाटली. कारण मेल्यावरही बोलत राहणारी माणसे कोणत्याही सत्तेला गैरसोयीची असतात.

मुख्य भूमीवरील पुढच्या चित्रपटांत या गैरसोयीचे निवारण अधिक सौम्य रीतीने झाले. पू सोंगलिंगच्या ‘रंगविलेले कातडे’ या कथेत माणसाचे कातडे पांघरणारी हिरव्या चेहऱ्याची आकृती हे ‘ग्वेइ’ आहे. त्या कथेवरील गॉर्डन चान दिग्दर्शित २००८ च्या ‘पेंटेड स्किन’मध्ये तिच्या जागी कोल्ह्याची मायाविनी आली. वाँग कार-वाईच्या नव्हे, तर विल्सन यिपच्या २०११ च्या नव्या आवृत्तीत श्याओच्येनही मृत मुलगी न राहता मायावी योनीतली झाली. पडद्यावरचे भूत सेन्सॉरला नको असते, मायावी प्राणी चालतो. चित्रपट म्हणून या कृती देखण्या आहेत. पण कोल्ही कधीच कुणाची मुलगी नव्हती, तिला कुणी मारलेले नाही, तिच्या अस्थी कुणाच्या दाराशी पुरायच्या राहिलेल्या नाहीत. प्रेम आणि त्याग तिला शक्य आहेत. गाऱ्हाणे शक्य नाही. भूत काढून टाकल्यावर जे उरते तोच खरा ‘भयपट’, कारण त्यात आता भयाखेरीज आणि शोभेखेरीज काही मागायचे राहत नाही.

आपल्याकडे अंगात आलेल्या भुताला देवऋषी प्रथम विचारतो: तू कोण, कुठला, तुला काय हवे? भय हे त्या प्रश्नांच्या आधीचे, आणि उत्तर मिळाले की ओसरणारे. अतिमानुष साहित्याच्या आणि चित्रपटांच्या समीक्षेने भयाची तंत्रे मोजली, मनोविश्लेषण केले, रूपकेही उलगडली. हे प्रश्न मात्र तिने क्वचितच विचारले. श्याओच्येन, ज्यूनियांग, रूहुआ आणि ली ह्वेइन्यांग यांची उत्तरे फार मोठी नाहीत. एकीला पेज हवी होती, दुसरीला थडग्याची खूण, तिसरीला दिलेला शब्द, चौथीला न्याय.